पडता पडता सावरणारे स्नायू

घरात कोंबडी शिजली की दस्तरखानावर वाटणीचा वाद ठरलेला असतो. कोणाला तंगडी हवी असते, कोणाला छातीचा तुकडा. तंगडीचे मांस काळपट आणि रसदार, छातीचे पांढरे आणि जरा कोरडे. तंगडीत रक्त जास्त असते म्हणून ती लाल दिसते, असा बहुतेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. हलाल केलेल्या कोंबडीचे रक्त वाहून गेलेले असते. मांसाला लाली देतो तो मायोग्लोबिन नावाचा पदार्थ. रक्ताने आणलेला प्राणवायू स्नायूच्या आत धरून ठेवणे हे त्याचे काम.

कोंबडी दिवसभर उभी असते, चालते, माती उकरते. पायाला सतत काम, म्हणून प्राणवायूचा सतत पुरवठा, म्हणून मायोग्लोबिन भरपूर. पंखांचे काम मात्र क्वचितच पडते. मांजर अंगावर आले की फडफड करून भिंतीवर चढायचे, एवढेच. हे काम दोन-चार सेकंदांचे, पण पूर्ण जोराचे. छातीचे पांढरे मांस या कामासाठी असते. रानात फिरणाऱ्या गावरान कोंबडीची तंगडी ब्रॉयलरपेक्षा गडद असते, हे गृहिणींना सांगायला नको.

कोकणातल्या आमच्या भगिनींनी बांगडा साफ करताना असाच फरक पाहिला असेल. माशाच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली गडद तांबड्या मांसाचा एक पट्टा असतो, बाकीचे मांस फिके. संथपणे पोहत राहण्यासाठी मासा तो तांबडा पट्टा वापरतो. मोठा मासा मागे लागला की फिके मांस कामाला लागते.

आपल्याही शरीरात हेच दोन प्रकारचे स्नायू आहेत. फरक इतकाच की आपल्यात लाल आणि पांढरे असे वेगवेगळे तुकडे पडलेले नसतात. एकाच मांडीत, एकाच दंडात दोन्ही प्रकारचे बारीक तंतू शेजारी शेजारी मिसळलेले असतात. त्यांना मंद तंतू आणि जलद तंतू म्हणतात. या महिन्यात आम्ही या दोघांविषयी लिहीत आहोत, कारण घरातले वडीलधारे का पडतात याचे मोठे उत्तर त्यांच्यात दडलेले आहे.

निखारा आणि भडका

चुलीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा फरक लगेच समजेल. मंद तंतू म्हणजे निखाऱ्याची आच. तिची धग मोठी नसते, पण ती तासन् तास टिकते. जलद तंतू म्हणजे वाळलेल्या पाचटाचा भडका. क्षणात उसळतो आणि लगेच विझतो.

मंद तंतूंमध्ये ऊर्जा तयार करणारी सूक्ष्म केंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, खूप असतात. भोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. प्राणवायूच्या साहाय्याने ते चरबी आणि साखर सावकाश जाळतात, म्हणून लवकर थकत नाहीत. मान ताठ ठेवणे, उभे राहणे, चालणे ही त्यांची कामे. पोटरीत आतल्या बाजूला सोलियस नावाचा स्नायू असतो. उभे असताना आपण पुढे कलंडू नये म्हणून तो सतत काम करतो. त्यात बहुतांश तंतू मंद असतात.

जलद तंतू साधारणपणे अधिक जाड असतात. प्राणवायूची वाट न पाहता ते आपल्याजवळ साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने वापरतात. आकुंचन घडवणारे मायोसिन नावाचे प्रथिन त्यांच्यात वेगळ्या जातीचे असते आणि ते ऊर्जा फार वेगाने खर्च करते. मंद तंतूला ताणाच्या टोकापर्यंत पोचायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. जलद तंतूला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. या वेगाची किंमत म्हणजे थकवा. पूर्ण जोराने काम केले तर ते काही सेकंदांतच ढिले पडू लागतात.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. ते तंतू जलदच, पण प्राणवायूही बऱ्यापैकी वापरणारे, त्यामुळे लवकर न थकणारे. कबुतराची छाती कोंबडीसारखी पांढरी नसून गडद लाल असते, ती यामुळेच. कबुतराला पंख वेगाने मारावे लागतात आणि दूरवर उडतही राहावे लागते. माणसातही हे मधले तंतू असतात आणि व्यायामाने त्यांचे प्रमाण वाढते.

हुकूम मज्जातंतूचा

लाल स्नायू सावकाश आणि पांढरे स्नायू झटकन आकुंचन पावतात, हे फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई रांव्हिए यांनी 1873 मध्ये सशांवर आणि पाकट जातीच्या माशांवर प्रयोग करून दाखवले. पण एखादा तंतू मंद का आणि दुसरा जलद का, हे कोण ठरवते?

त्याचा मोठा उलगडा 1960 मध्ये झाला. जॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या पायातील मज्जातंतूंची अदलाबदल केली. मंद स्नायूकडे जाणारा मज्जातंतू जलद स्नायूला जोडला आणि जलद स्नायूचा मंद स्नायूला. काही काळाने जलद स्नायू मंदावला आणि मंद स्नायूचा वेग वाढला. म्हणजे स्नायूचा स्वभाव बऱ्याच अंशी त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूवर अवलंबून असतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

आणखी एक नियम अमेरिकेतील एलवुड हेनेमन यांनी शोधला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून स्नायूंकडे हुकूम जातो, तो ठरावीक क्रमाने. आधी लहान मज्जापेशी जाग्या होतात, त्यांच्या हाताखाली मंद तंतू असतात. काम त्यांना झेपत नसेल तरच मोठ्या मज्जापेशींना जाग येते आणि जलद तंतू कामाला लागतात. जोराची किंवा झटक्याची गरज पडली नाही, तर ते नुसते पडून राहतात.

आता आपला दिवस डोळ्यांसमोर आणा. ओट्याशी उभे राहून स्वयंपाक, केर, भांडी, बाजारात संथ चालीने फेरी. आमच्या कितीतरी भगिनी म्हणतात, "दिवसभर पायावर उभी असते, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" त्यांची मेहनत खरी आहे आणि थकवाही खरा आहे. पण या सगळ्या कामांत मुख्यतः मंद तंतूच राबतात. रोज पहाटे तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या भावांचीही तीच गोष्ट. चालणे हृदयासाठी आणि रक्तातील साखरेसाठी फार चांगले आहे, ते कोणी सोडू नये. पण संथ चालण्याने जलद तंतूंना क्वचितच जाग येते.

म्हातारपणी आधी कोण जाते?

स्वीडनमधील यान लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 15 ते 83 वर्षे वयाच्या 43 पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे पूर्वी निरोगी असलेले आणि अचानक मरण पावलेले लोक होते, त्यामुळे पूर्ण स्नायू आडवा कापून तंतू मोजता आले. स्नायूची घट पंचविशीच्या आसपास सुरू होते आणि पुढे वेग घेते, असे दिसले. विशीच्या तुलनेत ऐंशीपर्यंत मांडीच्या त्या स्नायूचा सुमारे 40 टक्के भाग गेलेला होता. तंतूंची संख्या दोन्ही प्रकारांत घटली होती, पण उरलेल्या तंतूंत बारीक झाले होते ते मुख्यतः जलद तंतू. त्यांची जाडी सुमारे पाव हिश्शाने कमी झाली होती. मंद तंतूंच्या जाडीत फारसा फरक नव्हता.

असे का होते? वयाबरोबर मज्जारज्जूतील काही मज्जापेशी मरतात, आणि त्यांत जलद तंतूंना हुकूम देणाऱ्या मोठ्या पेशींचे नुकसान अधिक असते. त्यांच्या हाताखालचे तंतू अनाथ होतात. काही सुकून जातात. काहींना शेजारचा मंद मज्जातंतू आपल्या पंखाखाली घेतो, आणि मग एकल्स यांच्या मांजरांत झाले तसेच होते. नवा मालक मंद, म्हणून तंतूही मंद होतो.

याचा परिणाम घरात दिसतो. सत्तरीची दादी बाजारात रमतगमत अर्धा तास चालते, पण तिला जमिनीवरून उठायला आधार लागतो. नाना घरभर फिरतात, पण रिक्षात चढताना पाय उचलत नाही. चालायला मंद तंतू पुरतात. शरीर वर ढकलायला जलद तंतूंची मदत लागते, आणि ते उरलेले नसतात.

खरी परीक्षा ठेच लागल्यावर होते. न्हाणीघरात पाय घसरला किंवा उंबऱ्याला अंगठा अडकला, तर दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरायला सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. तरुण माणूस त्या क्षणात सावरतो आणि हसून पुढे जातो. म्हाताऱ्या माणसाचा पायही पुढे येतो, पण उशिरा. मग मनगट मोडते किंवा खुब्याचे हाड. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडण्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो.

खिदमत कुठे चुकते?

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची खिदमत मनापासून होते, आणि ती व्हायलाच हवी. पण तिची एक रीत अशी पडली आहे की म्हाताऱ्या माणसाने जागचे हलायचेच नाही. पाण्याचा पेला हातात, जेवणाचे ताट पलंगावर, चप्पल पायापाशी. "अम्मी, तुम्ही बसून राहा, आम्ही आहोत ना!" यात प्रेम आहे. पण अम्मीच्या मांडीतल्या जलद तंतूंना दिवसातून जी आठ-दहा वेळा हाक मिळाली असती, तीही आपण बंद करतो.

पडून राहण्याने काय होते याचे एक मोजमाप 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. सरासरी 67 वर्षांच्या, चांगल्या प्रकृतीच्या 12 माणसांना केवळ 10 दिवस अंथरुणात ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस घटले. ही धडधाकट माणसे होती. आजारपणात, ताप आणि कमी जेवणाच्या दिवसांत, नुकसान आणखी वाढते. म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच उठवून बसवणे आणि चार पावले चालवणे हीसुद्धा खिदमतच आहे.

नमाजचाही येथे संबंध येतो. सज्द्यातून उभे राहताना मांडी आणि कमरेचे स्नायू संपूर्ण शरीराचे वजन वर उचलतात. तरुणाला ते काहीच वाटत नाही. पंचाहत्तरीच्या माणसासाठी मात्र ते जवळजवळ पूर्ण ताकदीचे काम असते, म्हणजे त्याच्या जलद तंतूंना नेमकी हाक मिळते. ज्यांचे गुडघे खरोखर निकामी झाले आहेत किंवा ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्यांना खुर्चीची सवलत आहेच. पण थोडे जड जाते म्हणून पन्नाशीतच खुर्ची धरली, तर काही वर्षांनी जमिनीवरून उठणे खरोखरच अशक्य होते, हे शरीराच्या बाजूने आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो.

मुलींच्या बाबतीतही एक शब्द. स्नायूंची शिदोरी तारुण्यात जमा होते आणि पुढे आयुष्यभर खर्च होते. "मोठी झाली, आता धावपळ पुरे" असे म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे धावणे, दोरीवरच्या उड्या बंद केल्या, तर तिची शिदोरी अपुरी राहते. घरच्या अंगणात, गच्चीवर किंवा मैत्रिणींबरोबर शाळेच्या मैदानात, जेथे सोयीचे असेल तेथे तिला धावू द्यावे.

नव्वदीतही उशीर झालेला नसतो

गेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. पण उरलेले तंतू पुन्हा जाड होऊ शकतात, आणि मज्जासंस्था त्यांना एकजुटीने हाक द्यायला पुन्हा शिकते. याचा नामी पुरावा बोस्टन येथे मिळाला. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातील सरासरी 90 वर्षे वयाच्या 10 अशक्त माणसांना आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला. तो हलका नव्हता, त्यांच्या ताकदीच्या मानाने जडच होता. 1990 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पायाची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. दोघांनी चालण्याची काठी सोडली. तिघांना हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हते, त्यांतला एक जण तसा उठू लागला.

नव्वदीत हे होऊ शकते, तर साठीत का होणार नाही?

घरी काय करावे?

आधी एक साधी चाचणी. हात छातीवर बांधून पाठ असलेल्या खुर्चीवर बसावे. पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. कोणीतरी घड्याळ घेऊन जवळ उभे राहावे. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने 12 सेकंदांची मर्यादा धरली आहे. तेवढा किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पायाची कमजोरी सुरू झाली आहे असे समजावे.

व्यायामही या चाचणीतूनच निघतो. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. उठताना जरा झटकन उठावे, बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसावे. आठ ते बारा वेळा केले की एक फेरी झाली. अशा दोन फेऱ्या आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन कराव्यात. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. शेवटचे दोन वेळचे उठणे जड गेले पाहिजे, ही खूण महत्त्वाची. सगळे सहज झाले तर जलद तंतूंना जाग आली नाही असे समजावे, आणि पुढच्या वेळी तांदळाची दोन किलोंची पिशवी छातीशी धरून उठावे.

त्याबरोबर ओट्याला धरून टाचा उचलणे, कठडा धरून जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या जोर लावून चढणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे. एवढे पुरे आहे. यासाठी जिमची फी लागत नाही, पोशाख बदलावा लागत नाही, घराबाहेरही जावे लागत नाही.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. साठी ओलांडलेल्यांना 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, असे वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे 60 किलोच्या दादीला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम मिळतात. पण आपल्याकडे मटण-मासा आधी कमावत्या माणसांच्या ताटात जातो, आणि म्हातारी माणसे "मला भूक नाही" म्हणत चहा-पावावर रात्र काढतात. डाळ, दही, अंडे, मासा, नरम शिजवलेला खिमा यांतले काहीतरी त्यांच्या प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काही वेळा वयाखेरीज दुसरेही कारण असते. ड जीवनसत्त्व फार कमी झाले की मांड्यांतले जलद तंतूच आधी सुकतात, आणि ज्या स्त्रियांना ऊन मिळत नाही त्यांच्यात ही कमतरता बरीच आढळते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यानेही तसेच होते. थायरॉइडच्या विकारातही स्नायू कमजोर होतात. म्हणून चाळिशी-पन्नाशीतच जमिनीवरून उठणे किंवा जिना चढणे जड जात असेल, तर "वय झाले" म्हणून गप्प बसू नये, तपासणी करून घ्यावी. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार चक्कर येणे यांपैकी काही असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करताना श्वास रोखून धरू नये.

आमची विनंती एवढीच की हा लेख वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना खुर्चीवर बसवून ती पाच वेळा उठण्याची चाचणी आजच घ्यावी. आणि उद्यापासून त्यांनी पाणी मागितले तर पेला आणून देण्याऐवजी हात पुढे करून म्हणावे, "चला अम्मी, उठा, माठापर्यंत आपण दोघी जाऊ."